वसंताची टाकी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. नातवानं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून सुशीला, वसंताची बायको, म्हणाली, "आक्का, ह्यांनी सकाळी डोळं मिटलं." मी विचारलं, "जेवला होता का काल?" ती म्हणाली, "पेज घेतली थोडी. दमच पुरंना." मी म्हटलं, "निघतो आम्ही." सुपातल्या शेंगा संपवल्या, हात धुतले, लुगडं बदललं आणि नातवाच्या गाडीत बसले. बघणाऱ्या बायका म्हणाल्या, म्हातारीचं काळीज दगडाचं आहे. म्हणू देत. अर्धवट काम टाकून उठायची मला सवय नाही, आणि वसंतालाही नव्हती.

बेळगावात त्याची शोकसभा झाली, तिलाही मी गेले होते. एकजण माइकवर म्हणाला, वसंतराव म्हणजे समाजाच्या गळ्यातले ताईत. मला खुर्चीत बसवेना. समाजानं वसंताला आळीतून बाहेर काढलं होतं, आणि तेही आळी वाचवल्याबद्दल. त्या दिवशी टाकीपाशी जे झालं ते धड आठवणारी आता मीच उरले आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, लिहायला वेळ लागतो. पण खोटं ऐकून घेण्यापेक्षा हे बरं.

वसंता माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा आणि त्याचं नाक मलाच पुसावं लागायचं, म्हणून भावजी म्हणायच्या ऐवजी मी त्याला वसंताच म्हणत आले. आमची आळी निपाणीहून बोरगावकडं जाणाऱ्या वाटेला, गावाच्या बाहेर, ओढ्याकाठी. धंदा कातडी कमवायचा. चपला करणारे कारागीर आमच्याकडून कातडं न्यायचे. सगळ्या घरांचा मिळून एकच कारखाना होता, आणि त्यात शब्द चालायचा तो माझ्या सासऱ्यांचा, आप्पांचा. कातडं आधी चुन्याच्या हौदात पडायचं, म्हणजे केस सुटतात. मग तो चुना कातड्यातून काढावा लागतो, नाहीतर बाभळीच्या सालीचा रंग आत शिरत नाही. चुना काढायचं काम बायकांचं. कोंडा आंबवून त्या पाण्यात कातडी तुडवायची, दिवसचे दिवस. माझ्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की अंथरुणाला रक्त लागायचं.

सत्तरच्या दशकात वसंता बेळगावला कॉलेजात रसायन शिकला आणि तिथंच प्रयोगशाळेत नोकरीला लागला. एका सुट्टीला पांढऱ्या मिठाचं पोतं घेऊन आला. मला म्हणाला, "वैनी, पाय काढा बाहेर. हे अमोनियाचं मीठ हाय. दुपारपर्यंत चुना सुटतोय का न्हाय बघा." सुटला. पुन्हा कुणी कोंडा तुडवला नाही. माझ्या टाचा भरून आल्या. म्हणून पुढं जे झालं त्यासाठी त्याला शिव्या देणाऱ्यांत मी नव्हते.

पुढं झालं ते असं, की चुना जायचा पण अमोनिया पाण्यात उरायचा, आणि ते पाणी ओढ्यात जायचं. आधी नुसता वास. मुतारीत शिरल्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. मग ओढ्यातले मासे उलटे होऊन तरंगायला लागले. खालच्या वस्तीची विहीर ओढ्याला लागून होती. तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारात आल्या. "तुमी प्या की हे पाणी," म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. आम्ही नाही प्यायलो. मग तक्रार झाली आणि ऐंशीनंतरच्या एका पावसाळ्यात बेळगावहून पाणी तपासणारे सरकारी साहेब आले. कानडी बोलणारे, शांत, हसरे. बाटलीत पाणी भरून नेलं, काही दिवसांनी परत आले आणि हसतच सांगितलं, दसरा झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली भरणार. तेव्हाही अमोनिया निघाला तर वीज तोडणार आणि हौदांना सील. आळीतल्या सगळ्या चुली त्या हौदांवर पेटत होत्या.

वसंता रजा काढून आला. आप्पा त्याला म्हणाले, "मीठ तू आणलंस. आता तूच काढ पाण्यातनं."

आळीतला एक म्हातारा म्हणाला, परत कोंडा तुडवूया की. मी म्हटलं, "तुडवा. तुमच्या पायांनी तुडवा." 

वसंतानं कारखान्याच्या, ओढ्याकडून उघड्या असलेल्या शेडमध्ये सिमेंटची टाकी बांधली. बेळगावच्या फाउंड्रीतून कोळशासारख्या काळ्या पट्ट्या आणल्या, आणि भांड्यांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यातून विजेचा जुना डबा. त्याला रेक्टिफायर म्हणतात. टाकीत एक काळी पट्टी, एक लोखंडी पत्रा, परत काळी पट्टी, अशी रांग लावली. मी विचारलं, हे करतं काय? तो चुलीपाशी बसून भाकरी खाता खाता सांगत होता. "आपली कातडी मिठात मुरवून येत्यात का न्हाय? ते खायचं मीठ पाण्यात असतंयच. वीज सोडली की त्या मिठातनं काळ्या पट्टीपाशी क्लोरीन तयार होतोय. नळाच्या पाण्यात पावडर टाकत्यात ना, तसलाच. तो अमोनियाला खातोय. अमोनियाचा हुतोय साधा वायू, आपण श्वास घेतो त्या हवेतलाच. ते बुडबुडं वर जाऊन हवेत मिसळत्यात, संपलं."

"आणि लोखंडी पत्र्यापाशी?"

त्यानं घास खाली ठेवला. "तिथं दुसरा वायू निघतोय. हायड्रोजन. त्याला वास न्हाय, रंग न्हाय. उघड्यावर असला तर उडून जातोय, बिचारा. कोंडला आणि जाळ दिसला तर मात्र ऐकत न्हाय."

म्हणून त्यानं सगळ्यांना बजावलं, टाकीपाशी बिडी ओढायची नाही. आमच्या भागात बिडी नाही असा पुरुष दाखवा. तरी ऐकलं सगळ्यांनी. शेडच्या बाहेर एक दगड होता, त्यावर बिड्या-काड्या ठेवून माणसं आत जायची. टाकी झाकू नका, असं मात्र तो कुणाला बोलला नव्हता. झाकेल कोण, असं त्याला वाटलं असणार.

वीज सुरू झाली तसं पाणी सोड्यासारखं उकळायला लागलं. वसंता सकाळ-संध्याकाळ बाटलीत पाणी घेऊन त्यात तपासायच्या औषधाचा एक थेंब टाकायचा. अमोनिया असला की पाणी पिवळं व्हायचं. पहिल्यांदा ते हळदीसारखं पिवळं झालं. मग रोज थोडं फिकं. तो ती बाटली मला उन्हात धरून दाखवायचा आणि मी म्हणायचे, "अजून पिवळंच हाय." तो चिडायचा. "वैनी, तुमाला कधी काय पसंत पडलंय?" पण फरक पडत होता. खंडेनवमी आली तेव्हा पाणी लिंबाच्या फोडीइतकं पिवळं उरलं होतं... आणि दोन दिवसांवर साहेब.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं धुऊन पूजेला मांडतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. सकाळीच आप्पा टाकीपाशी येऊन उभे राहिले. "बंद कर हे. आज हत्यार चालत न्हाय."

वसंता म्हणाला, "आप्पा, आज बंद केलं तर परवा पाणी पिवळं दिसंल. आळी बंद हुईल."

आप्पांनी वाकून बुडबुडे बघितले. मग म्हणाले, "चालू दे. देवीला सांगतो, पोरासाठी रीत मोडली म्हणून. पण पूजा हुणार. त्यात काय बोलू नकोस."

 डब्याचा फ्यूज सारखा उडत होता आणि जादा तार संपली होती. सणाची दुकानं बंद, म्हणून निपाणीच्या एका दुकानदाराला घरी गाठायला वसंता सायकल घेऊन गेला.

तो गेला आणि आम्ही शेड झाडून घेतली. हार आले, खण आला, हत्यारं टाकीसमोर मांडली. सगळ्यात पुढं आप्पांची रापी, कातडं तासायची, त्यांच्या बापाच्या हातची. पण टाकीच्या वाफेनं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, पोरं खोकत होती. आणि उघड्या घाण पाण्याची पूजा कशी करायची, असंही कुणीतरी म्हणालं. मग पुरुषांनी मोठी ताडपत्री आणली, टाकीवर ताणली आणि भोवती दोरी आवळून बांधली. चांगली घट्ट, वास येऊ नये म्हणून. वर हिरवा खण अंथरला. आता टाकी देवीसारखी दिसायला लागली. आत बुडबुड्यांचा आवाज चालूच होता.

नैवेद्य यायला वेळ लागला. तोवर ताडपत्री वर उचलली जायला लागली. आधी मधोमध, मग सगळीकडून. एक पोरगी ओरडली, "टाकी भाकरीगत फुगली गं बाई!" तिची आई म्हणाली, "देवी आली म्हणायचं. तोंडाला येईल ते बोलू नको." सगळे हात जोडून उभे राहिले. आप्पांनी ताटात कापूर पेटवला, निरांजनं लावली. माझ्या मनात आलं, जाळ नको म्हणाला होता वसंता. मी आमच्या मालकांना, म्हणजे वसंताच्या थोरल्या भावाला, हळू म्हटलं तर ते म्हणाले, "ते बिडीचं. कापूर म्हणजे काय बिडी हाय?" आप्पांनी ऐकलं. मागं न बघताच म्हणाले, "देवाचा जाळ हा जाळ नसतोय." आणि ताट घेऊन पुढं सरकले. आरती सुरू झाली.

तेवढ्यात बाहेर सायकल पडल्याचा आवाज झाला. वसंता पळतच आत आला. तो ओरडला नाही. सरळ आप्पांसमोर गेला आणि पेटता कापूर मुठीत धरून विझवला. कातडं जळाल्याचा वास आम्हाला नवा नाही, पण तो वास वेगळा होता. निरांजनं त्यानं तोंडानं फुंकली. आमच्याकडं देवाचा दिवा तोंडानं फुंकत नाहीत, लहान पोरालाही ते माहीत असतं. मग त्यानं आप्पांना दोन्ही हातांनी मागं ढकललं. आप्पा पडता पडता वाचले.

"बाहेर व्हा," तो म्हणाला. "सगळी बाहेर. पळू नका. हळू."

आमचे मालक खांबावरच्या विजेच्या खटक्याकडं धावले. तेव्हा मात्र तो ओरडला. "अण्णा, खटका नको! ठिणगी पडंल! हात लावू नका!" मालकांचा हात तसाच हवेत राहिला. वसंतानं उदबत्त्या उपटून चुन्याच्या पाण्यात बुडवल्या आणि दोरीच्या गाठीला हात घातला. गाठी पुरुषांनी आवळलेल्या, वाफेनं भिजून फुगलेल्या, आणि त्याचा उजवा हात भाजलेला. त्यानं दातांनी ओढून बघितलं. ताडपत्री त्याच्या तोंडासमोर ताणलेल्या पोटासारखी हालत होती. बाकीचे सगळे बाहेर गेले होते. मी दारातच होते.

"वैनी, कापायला काय तरी द्या."

समोर आप्पांची रापी होती, हळदीकुंकू लावलेली. मी उचलली. बाहेरून आप्पा म्हणाले, "ठेव ती. आज हत्यार उचलत न्हाईत." मी ती वसंताच्या डाव्या हातात दिली. "आता तुमी बी जावा," तो म्हणाला. मी गेले. मरायची हौस मला नव्हती.

आम्ही ओढ्याच्या बांधावर उभे राहून बघत होतो. तो दोरी हळूहळू कापत होता, लोखंड सिमेंटला घासू नये म्हणून बोट मध्ये घालून. दोरी तुटली. ताडपत्रीनं मोठा सुस्कारा सोडला आणि खाली बसली. त्यानं ती ओढून बाजूला केली आणि तिथंच उकिडवा बसला. वाऱ्यानं खण उडून चिखलात पडला... आणि काहीच झालं नाही.

काहीच झालं नाही, हाच त्याचा गुन्हा ठरला. स्फोट झाला असता, दोन माणसं मेली असती, तर आळीनं त्याचं ऐकलं असतं. आता त्याच्याजवळ दाखवायला काय होतं? बापाला ढकललं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. देवीचा दिवा फुंकलेला पाहिला होता. वायू कुणालाच दिसला नव्हता.

तो म्हणाला, दाखवतो. वीज अजून चालू होती. पाण्यानं भरलेली बाटली त्यानं लोखंडी पत्र्यापाशी उलटी धरली, बुडबुड्यांनी ती भरू दिली, बूच लावून लांब ओढ्याकडं नेली. बूच काढून तोंडाशी काडी लावली. टप्प, एवढाच आवाज झाला. पोरं हसली.

आप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी बापाला ढकललंस? दिवाळीला पोरं ह्याच्यापेक्षा मोठं उडवत्यात."

"आप्पा, ही एक बाटली हाय. टाकीत किती बाटल्या मावतील?"

आप्पांनी टाकीकडं बोट केलं. ते म्हणाले, "बंद कर ते. देवीची माफी मागितल्याबिगर सुरू व्हायचं न्हाय."

वसंता बेळगावला गेल्यापासून देवापुढं वाकत नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनाही. तो माझ्या चुलीपाशी येऊन बसला. मी त्याच्या हाताला तेल लावत होते. तो म्हणाला, "वैनी, मी चुकलेलो न्हाय."

मी म्हटलं, "चुकलास असं कोण म्हणतंय? वाकायला काय जातंय तुझं? पाणी पिवळं व्हायला लागलं असंल तिकडं."

तो उठला. शेडच्या ओल्या जमिनीवर, सगळ्या आळीसमोर, टाकीला लोटांगण घातलं. "आता तूच ओवाळ," आप्पा म्हणाले. वीज बंद होती, टाकी उघडी होती, बुडबुडे थांबले होते. त्यानं त्या भाजल्या हातानं ताट धरलं आणि ओवाळलं. ताट खाली ठेवताना तळहाताची साल ताटाला चिकटून आली. मग त्यानं फ्यूजला नवी तार घातली आणि खटका दाबला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. टाकीतून सुटणाऱ्या पाण्याची बाटली भरली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "वासने इल्ल." वास नाही. पुढं कागदही तसाच आला. आळी वाचली. साहेबांनी विचारलं, हे केलं कुणी? आप्पा म्हणाले, "आमच्या आळीनं." वसंता तिथंच उभा होता.

साहेबांची जीप वळली आणि आप्पा मला म्हणाले, "त्याला सांग, बेळगावला जा. आळीत परत पाय ठेवू नको." तो हाताच्या अंतरावर होता, तरी निरोप माझ्यामार्फत. आळीतलं एकही माणूस मध्ये पडलं नाही. आमचे मालकसुद्धा नाहीत. त्यांना मी ते पुढं पुष्कळदा ऐकवलं.

वसंता पुढं प्रयोगशाळा सोडून बेळगावजवळच्या मच्छे गावी एका मुलामा देण्याच्या कारखान्यात लागला. तिथल्या वाफांनीच त्याची फुप्फुसं खाल्ली, असं माझं मत आहे. डॉक्टर काय म्हणतात ते डॉक्टरांना ठाऊक. टाकी आमचे मालक चालवायचे आणि काही बिघडलं की मी निपाणीच्या स्टँडवर जाऊन वसंताला भेटायचे. तो विचारायचा, "पत्र्यावर पांढरं बसलंय का? चुना हाय तो. ॲसिडनं धुवा, पण वीज बंद करून." मी ते घोकत घरी यायचे. आप्पांना सगळं कळत होतं. एकदा जेवताना म्हणाले, "काळ्या पट्ट्या झिजल्यात म्हणावं."

मी म्हटलं, "कुणाला म्हणू?"

"तुला ठाऊक हाय."

"नाव घ्या, मग सांगते."

ते ताटावरून उठले. नाव घेतलं नाही. पट्ट्या मात्र आल्या.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी मुद्दाम बघत होते. टाकीवर कुणी फडकंसुद्धा टाकलं नाही. आप्पांनी ताट घेतलं, कापूर लावला, आणि शेडकडं न जाता बांधावर जाऊन उभे राहिले. लोक गोंधळले. एकजण म्हणाला, "आप्पा, टाकी तिकडं हाय." आप्पा म्हणाले, "दिसतंय मला." आणि तिथूनच ओवाळलं. कुणाला कारण सांगितलं नाही. बाकीच्यांनी त्यांच्यामागं रांग लावली.

मी हे स्टँडवर वसंताला सांगितलं. त्यानं विचारलं, "लांबनं?"

"बांधावरनं."

तो रस्त्याकडं वळला आणि म्हणाला, "एसटी आली वाटतं." एसटी आली नव्हती.

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, आप्पा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. त्यानं खांदा दिला, तेवढंच. हौद नंतर बंद पडले. आता नातू तयार कातडं आणून चपला करून घेतो. टाकी तशीच आहे, कोरडी, पालापाचोळ्यानं भरलेली.

वसंताला जाऊन काही आठवडे झाले आणि यंदाची खंडेनवमी आली. नातवाची नवी बायको ताट घेऊन शेडकडं निघाली. सगळे एकदम ओरडले, "तिकडं नको, हितनं!" ती दचकून थांबली. "लांबनं का?" तिनं विचारलं. नातू म्हणाला, "ह्या टाकीची देवी लई कडक हाय. जवळ जाळ नेलेला चालत न्हाय तिला. पहिल्यापासनं रीत हाय आपली."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, आज्जी, आता टाकी कोरडी आहे, जवळ जायला काय हरकत? वारा सुटला होता, कापूर सारखा विझत होता. नातू म्हणाला, थोडं आडोशाला, शेडच्या अलीकडं जाऊया का? ती पोरगी म्हणाली, "नको." ताटावर पदर धरला, परत काडी ओढली आणि बांधावरूनच ओवाळलं.

आता हे छापून आलं की त्यांना कारण कळेल. कळलं तरी तिथंच उभं राहायचं.